भरलेल्या गाडीचा हिशेब

गाड्यांची तुलना करणारे तक्ते रिकाम्या गाडीचे असतात. लांबी-रुंदी, ताकद, जमिनीपासूनची उंची, डिकीचे लिटर, ॲव्हरेज, सगळं काही गाडीत फार तर एक ड्रायव्हर बसलेला असताना मोजलेलं. घरच्या गाडीची परीक्षा होते ती गणपतीला गावी निघताना. पुढं दोघं, मागं आजी-आजोबा, त्यांच्या मध्ये एक पोरगं, डिकीत बॅगा आणि डबे, परतीला नारळाचं पोतं. सरासरी ६५ किलोची पाच माणसं म्हणजे ३२५ किलो, वर साठ किलो सामान, झाले ३८५. मिडसाइझ सेडान, म्हणजे वेगळ्या डिकीची मधल्या आकाराची गाडी, तिचं स्वतःचं वजन साधारण अकराशे ते पावणेतेराशे किलो. म्हणजे गाडी एकाएकी जवळपास एक-तृतीयांशानं जड होते. त्या वजनासोबत तिची उंची बदलते, ब्रेक बदलतो, घाटातला इंजिनाचा आवाज बदलतो. शोरूममधून एकट्यानं पाच किलोमीटरची चक्कर मारून यातलं काहीही कळत नाही.

अशा सेडानच्या निवडीचं मैदान आता लहान झालंय. १९९८ मध्ये होंडा सिटी भारतात आली तेव्हा मध्यमवर्गाची ‘मोठी गाडी’ म्हणजे डिकीवाली गाडी. पुढची वीस वर्षं तसंच चाललं. आज उंच गाड्यांनी ती जागा घेतलीय. २०२३ मध्ये धुराचे नियम कडक झाले तेव्हा सिटी आणि व्हर्ना या दोघींची डिझेल इंजिनं बंद झाली आणि २०२५ मध्ये मारुतीनं सियाझ बंद केली. उरल्या चार: होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस. शेवटच्या दोघी आपल्या चाकणला एकाच कारखान्यात, एकाच सांगाड्यावर, त्याच इंजिनांसह बनतात. त्यामुळं निवड खरं तर तिघींतली. त्यात सिटीच्या हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या प्रकाराची, चौथी वाट.

उंच गाडी का नको, असा प्रश्न घरात उठतोच. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ९० च्या जागी १२० वर गेलात की तो पावणेदोनपटीहून थोडा जास्त होतो. समृद्धी महामार्गावर, जिथं गाडी तासन्‌तास त्याच वेगावर असते, तिथं बुटक्या, निमुळत्या गाडीचा फायदा पेट्रोलच्या पावतीवर दिसतो. वजन खाली असल्यानं लेन बदलताना मागच्या माणसांची डोकी कमी हलतात, आणि सामान वेगळ्या कप्प्यात असल्यानं जोरात ब्रेक लागला तरी बॅग कुणाच्या मानेवर येत नाही. याच्या बदल्यात द्यावं काय लागतं? बसायची उंची.

म्हणून तुलना मागच्या सीटवरून सुरू करावी असं माझं ठाम मत आहे. चालवणारा माणूस कुठल्याही गाडीशी आठ दिवसांत जुळवून घेतो, पण मागं बसणाऱ्या साठीपुढच्या माणसाला ती सोय नसते. शोरूमला जाताना खिशात मोजपट्टी असू द्या. जमिनीपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मोजा आणि ती आजींच्या गुडघ्याच्या उंचीशी ताडून पाहा. सीट गुडघ्याच्या वर असेल तर माणूस नुसता टेकतो आणि उतरताना सरळ उभा राहतो. गुडघ्याच्या खूप खाली असेल तर उठताना सगळा भार मांड्यांवर आणि दाराच्या कडेवर येतो, आणि हात कुठं धरायचा याची शोधाशोध होते. सेडानमध्ये शिरायची रीतही वेगळी आहे. आधी पाठमोरं होऊन बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. एक पाय आत टाकून वाकत शिरलं की डोकं दाराच्या चौकटीला लागणार. ज्येष्ठांना गाडी दाखवायला नेलंत तर हे दोनदा-तीनदा करून घ्या, आणि दार पूर्ण उघडं ठेवून नको. सोसायटीतलं पार्किंग अडीच मीटर रुंद असेल आणि गाडी पावणेदोन मीटर, तर मध्ये उभी केल्यावर प्रत्येक बाजूला उरतात ३७ सेंटिमीटर. रोजचं चढणं-उतरणं तेवढ्या फटीतून व्हायचंय. दाराखालचा उंबरा रुंद असेल तर पावसाळ्यात त्यावरचा चिखल साडीला किंवा पँटच्या पोटरीला लागतो, हेही तिथंच कळेल.

आत बसल्यावर गुडघ्यापुढं किती जागा आहे हे सगळेच बघतात. त्याआधी पुढची सीट घरातल्या सर्वांत उंच चालकाच्या सोयीनं लावून घ्या, कारण शोरूममध्ये ती मुद्दाम पुढं सरकवलेली असते. पुढची सीट उंची कमी-जास्त होणारी असेल तर ती तळाला उतरवूनही बघा. सीट खाली गेली की तिच्याखाली पाऊल सरकवायची जागा संपते, मग गुडघ्यापुढं कितीही मोकळं असलं तरी पाय मुडपूनच बसावं लागतं. मांडी सीटच्या कडेपर्यंत टेकते का, हे त्याहून महत्त्वाचं. मांडीखाली आधार नसेल तर दोन तासांनी कंबर बोलू लागते. सिटी इथं अजूनही चांगली आहे. सीटचा कोन आणि मांडीचा आधार दोन्ही जमून आलेत, आणि तिघीत आजी-आजोबांसाठी एक निवडायची तर मी तीच निवडेन. व्हर्नाच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २६७० मिलिमीटर, सिटीचं २६००, त्यामुळं व्हर्नात पाय पसरतात, खांद्यांनाही ऐसपैस वाटतं. पण तिचं छत मागं झपकन उतरतं. पावणेसहा फुटांच्या वरच्या माणसानं पाठ सीटला पूर्ण टेकवून डोक्यावर बोटं ठेवून बघावं. स्लाव्हिया-व्हर्टस दोघांना मागं उत्तम, तिसरा मात्र अडचणीत, कारण मधला उंचवटा मोठा आणि खांद्यांशी रुंदी कमी. आणखी एक गोम: सनरूफची चौकट छतात दोन-तीन सेंटिमीटर खाते. टेस्ट ड्राइव्हची गाडी सनरूफची आणि तुम्ही बुक केलेली बिनसनरूफची असेल तर फायदाच, उलट झालं तर पंचाईत.

लहान मुलांच्या घरात इथंच एक कटू गणित येतं. मुलांची सीट गाडीत पक्की अडकवायचे आयसोफिक्सचे हुक मागच्या दोन कडेच्या जागांवर असतात. दोन मुलांच्या दोन सीट बसवल्या की मध्ये उरतो वीतभर पट्टा, तिथं आजी बसूच शकत नाही. आई, बाबा, दोन लहान मुलं आणि एक आजी असं कुटुंब असेल तर या चारपैकी कुठलीही गाडी घेऊ नये, तीन ओळींचीच बघावी. मुलं बूस्टरच्या, म्हणजे नुसत्या उंच बैठकीच्या, वयाची झाली की प्रश्न सुटतो, कारण बूस्टर अरुंद असतो. तान्ह्या बाळाची उलट्या तोंडाची सीट लावली की पुढची सीट बरीच पुढं घ्यावी लागते. तीही दुकानातून उसनी घेऊन बसवून बघावी. पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, ती कधीही बसवू नये. एअरबॅग फुगते तेव्हा ती सीटच्या पाठीवरच आदळते. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे हजार रुपये दंड आहे.

आता खाली वाकू. ‘आमच्या इथले स्पीडब्रेकर बघता सेडान घासणार’ हे वाक्य निम्म्या घरांत सेडानचा विषय संपवतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. रस्त्यांच्या मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. तो इतका रुंद असतो की गाडीची चारही चाकं एकाच वेळी त्याच्यावर असतात. २६०० मिलिमीटर अंतराच्या चाकांमध्ये ती गोलाई फक्त ५ सेंटिमीटर वर येते, २६७० च्या व्हर्नाला त्याहून दोन-तीन मिलिमीटर जास्त. असल्या गतिरोधकावर कुठलीच सेडान घासत नाही, भरलेलीसुद्धा. घासते ती सोसायटीच्या दारातल्या किंवा गावातल्या हौशी ब्रेकरवर, मीटरभर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. तिथं पुढची चाकं उतरून सपाटीवर येतात, मागची अजून चढलेली नसतात, आणि पोटाखालून पूर्ण पंधरा सेंटिमीटर जायला हवेत. चाकांमधलं अंतर कमी असलं काय, जास्त असलं काय, इथं काही फरक पडत नाही. तिथं मोजला जातो तो गाडीच्या मध्याशी उरलेला प्रत्यक्ष गाळा.

रिकाम्या सिटीचा हा गाळा १६५ मिलिमीटर, स्लाव्हिया-व्हर्टसचा १७९. मागं तीन माणसं आणि डिकी भरली की शेपूट चार-पाच सेंटिमीटर सहज बसतं, पुढचं नाक एखादा सेंटिमीटर. मध्याशी गाडी अडीच-तीन सेंटिमीटर खाली येते. सिटीचे उरले १३५ ते १४०, स्लाव्हियाचे १५० च्या आसपास. एक घासणार, दुसरी कसाबसा ब्रेकर ओलांडणार, असा तो चौदा मिलिमीटरचा फरक आहे. म्हणून टेस्ट ड्राइव्हला मागं तीन मोठी माणसं बसवून आपल्याच गल्लीतल्या सर्वांत वाईट ब्रेकरवरून न्या, आणि तळघराच्या रॅम्पवरूनही. रॅम्पच्या खालच्या टोकाला पुढचा ओठ लागतो, वरच्या टोकाला पोट. घासण्याचा आवाज कुठून आला ते खाली वाकून बघा. प्लास्टिकचं कव्हर घासलं तर नुसता आवाज, सायलेन्सरचा पाइप लागला तर पुढं खर्च. असा ब्रेकर ओलांडताना गाडी तिरकी घेतली तर एक चाक वर असतानाच पोट पुढं सरकतं आणि तेवढी उंची मिळते. तिरकं होण्याआधी मागून दुचाकी येत नाहीये ना हे बघावं. टायरचाही वाटा आहे. सिटीच्या वरच्या प्रकारांत १८५/५५ आर१६ टायर येतात, व्यास सुमारे ६१० मिलिमीटर. व्हर्ना आणि स्लाव्हियाच्या वरच्या प्रकारांत २०५/५५ आर१६, व्यास ६३२. नुसत्या टायरनं ११ मिलिमीटर उंची मिळते आणि खड्ड्यात रिमला मार कमी बसतो. मात्र उंची वाढवायला बाहेरून स्प्रिंगखाली रबर किंवा ठोकळे बसवू नयेत. ॲक्सलचे सांधे चुकीच्या कोनात फिरू लागतात आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

इंजिनाकडं येऊ. पाच माणसांसह वाईहून पसरणीचा घाट चढताना जे कळतं ते ताकदीच्या आकड्यात दिसत नाही. सिटीचं १.५ लिटरचं इंजिन १२१ पीएस (जवळपास तितकीच अश्वशक्ती) देतं, स्लाव्हियाचं तीन सिलिंडरचं १.० लिटर टर्बो ११५. कागदावर सिटी पुढं. पण घाटात लागतो तो टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो हे. सिटीचे १४५ न्यूटन मीटर ४३०० फेऱ्यांना मिळतात. व्हर्नाच्या साध्या १.५ चे १४४ ही तशाच वर, ४५०० ला. स्लाव्हियाच्या लहान टर्बोचे १७८ मात्र १७५० पासूनच हजर. याचा अर्थ भरलेली सिटी घाटात दुसऱ्या गिअरवर, इंजिन ओरडत ठेवून चालवावी लागते. ती चढते, बिनतक्रार चढते, पण मागच्यांच्या गप्पा थांबतात. त्यात उंची. साध्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटर चढाईला साधारण एक टक्का घटते, कारण हवा विरळ होते. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास. म्हणजे वर पोचेपर्यंत बारा-तेरा टक्के गेले. टर्बो हवा दाबून भरत असल्यानं त्याला हा फटका फारसा जाणवत नाही.

टर्बोचा उणा कोपरा वेगळा आहे. स्लाव्हियाचं १.० टर्बो १७०० फेऱ्यांच्या खाली झोपलेलं असतं. मॅन्युअल गिअरवर, भरलेल्या गाडीसह, चढावर ट्रॅफिकमध्ये हळूहळू सरकायचं तर क्लच जास्त घासावा लागतो. वळणावर वेग पडला की दुसऱ्यावरून पहिल्यावर यायची वेळ येते. याला तोडगा म्हणजे त्याच इंजिनाचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा. माझ्या मते घरच्या वापरासाठी ही या गटातली सर्वांत समजूतदार जोडी आहे. १.५ टर्बो, स्कोडा-फोक्सवॅगनचं १५० पीएस किंवा व्हर्नाचं १६०, ही चालवणाऱ्याच्या आनंदाची इंजिनं. २५० न्यूटन मीटरच्या पुढं पाच माणसांचं वजन जाणवतच नाही. घरच्या गरजेला तेवढं लागत नाही, हवंसं वाटणं वेगळं.

या मोठ्या टर्बोंना जो सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) मिळतो तो कोरड्या क्लचचा. त्याला थंड करायला तेलाचं न्हाण नसतं. चांदणी चौकातल्या किंवा घोडबंदरच्या रांगेत चढावर गाडी ॲक्सिलरेटरनं तोलून धरली की क्लच अर्धवट लागलेला राहतो, तापतो, आणि वर्षानुवर्षं असं केलं की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरू लागते. इलाज साधा आहे. चढावर थांबायचं तर ब्रेकवर थांबायचं, पुढची गाडी दीड-दोन गाड्यांइतकी सरकली की मगच सोडायचं. घरात दोन-तीन जण गाडी चालवणार असतील आणि सगळ्यांना ही सवय लावणं शक्य नसेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी घ्यावा. सीव्हीटीत गिअरच नसल्यानं गचके नाहीत. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की आधी आवाज वाढतो, वेग मागून येतो, एवढंच. ओव्हरटेक करताना पाय हळू दाबत नेला तर तो आवाजही आटोक्यात राहतो.

उतार हा चढापेक्षा गंभीर विषय. पंधराशे-सोळाशे किलो आंबेनळी घाटातून खाली आणताना डी वर टाकून नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर पॅड तापतात, जळका वास येतो, पेडल खोल जाऊ लागतं. या गटात मागच्या चाकांना ड्रमच सर्रास, डिस्क मिळते ती व्हर्नाच्या टर्बोला आणि सिटीच्या हायब्रिडला. ड्रमला कमी लेखायचं कारण नाही, पण उष्णता बाहेर टाकायला तो संथ. त्यामुळं स्टीअरिंगमागच्या पॅडलनं किंवा गिअर लिव्हरनं खालचा गिअर पकडून इंजिनाला गाडी अडवू द्यावी. टेस्ट ड्राइव्हमध्ये उतार मिळाला तर प्रत्येक गाडी खालच्या गिअरवर किती अडते ते जरूर बघा, सीव्हीटीत हा फरक सर्वांत जास्त कळतो.

सिटीच्या हायब्रिडबद्दल गैरसमज फार. तिच्यात नेहमीचा गिअरबॉक्स नाही. शहरात मोटर चाकं फिरवते, इंजिन बहुतांश वेळ वीज बनवतं, आणि हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. म्हणून तिची बचत शहरात प्रचंड आणि एक्स्प्रेसवेवर माफक. वर्षाला १२ हजार किलोमीटर, बहुतांश शहरात, पेट्रोल १०४ रुपये धरू. सीव्हीटी सिटीला लिटरमागं १२ धरले तर १००० लिटर, म्हणजे १,०४,००० रुपये. हायब्रिडला २० धरले तर ६०० लिटर, ६२,४०० रुपये. वर्षाची बचत ४१,६००. दोघींच्या ऑन-रोड किमतीत चार लाखांचा फरक असेल तर वसुलीला साडेनऊ वर्षं. तुमचं वर्षाचं फिरणं २५ हजार असेल तर तोच हिशेब साडेचार वर्षांवर येतो आणि हायब्रिड शहाणपणाची ठरते. पण भरलेल्या गाडीच्या हिशेबात तिचा एक मोठा तोटा आहे: बॅटरी डिकीत बसते. पेट्रोल सिटीची डिकी ५०६ लिटर, हायब्रिड आली तेव्हा तिची ३०६. गणपतीच्या सामानाचं काय करायचं ते आधी ठरवा. लांब घाट उतरताना तिची छोटी बॅटरी मध्येच भरते, मग वीज साठवायला जागा नसल्यानं इंजिन मोठ्यानं फिरू लागतं. तो बिघाड समजू नये. गाडी उरलेला जोर तसा जिरवत असते.

ॲव्हरेजवर वेगळं बोलण्यासारखं फार नाही. कंपनीचे आकडे प्रयोगशाळेतले, गाड्यांची आपापसांत क्रमवारी लावायला ठीक. ई-२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि त्याची ऊर्जा पेट्रोलहून साधारण एक-तृतीयांशानं कमी, म्हणून सहा-सात टक्क्यांची घट सगळ्याच गाड्यांत गृहीत धरा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांना रोज दोन-तीन किलोमीटरचीच फेरी असेल तर ती मानवत नाही. तेल नीट तापत नाही, त्यात पेट्रोल मिसळतं, आणि वरून पेट्रोलचं धुणं मिळत नसल्यानं हवेच्या व्हॉल्व्हवर काजळी साठते. घर ते शाळा ते भाजी एवढाच वापर असेल तर सिटी किंवा साधी व्हर्ना बरी.

डिकीच्या लिटरांवर भांडू नये. ५०६, ५२१, ५२८, यातला सर्वांत मोठा फरक २२ लिटरचा, म्हणजे शाळेचं एक दप्तर. बघायचं ते डिकीचं तोंड. सेडानच्या डिकीत खोली भरपूर आणि तोंड लहान असतं. आंब्याच्या पेट्या, घडी केलेली व्हीलचेअर, मुलाची सायकल हे आत मावतं, पण शिरत नाही. झाकण बंद होताना त्याचे वाकडे दांडे आत किती खाली येतात ते बघा, कारण नेमक्या तिथं ठेवलेली बॅग चेपते. स्लाव्हियाची मागची सीट दुमडून जागा १०५० लिटर होते, हे तिचं मोठं बळ. बाकी गाड्यांत तुम्ही घेत असलेल्या नेमक्या प्रकारात सीट दुमडते का ते हातानं दुमडून बघावं. भरताना जड सामान सीटच्या पाठीला चिकटून ठेवायचं. मागच्या ॲक्सलच्या मागं ठेवलेलं वजन नाक वर उचलतं, शेपूट आणखी बसवतं. नाक वर गेलं की दिव्यांचा झोतही वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं एक लहान चाक असतं ते यासाठीच. भरलेल्या गाडीत ते वाढवलं की झोत खाली येतो. स्टेपनी मूळ टायरपेक्षा लहान असेल तर तिच्यावर वेगमर्यादा लिहिलेली असते, तीही वाचून ठेवावी.

सुरक्षेत आकड्यांमागचा तपशील वाचावा. गाड्या आदळवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या चाचण्यांत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिघींना मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच-पाच तारे मिळाले. पण त्याच अहवालात पहिल्या दोघींचा सांगाडा स्थिर आणि व्हर्नाचा अस्थिर नोंदलाय. म्हणजे त्याहून जास्त मार बसला तर व्हर्नाच्या सांगाड्याकडं हातचं फारसं उरलेलं नाही. सिटीचे पाच तारे आग्नेय आशियातल्या आसिआन एनकॅपचे, ती चाचणी निराळी, गुण थेट ताडता येत नाहीत. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सिटी आणि व्हर्नात मिळते, चाकणच्या दोघींत नाही. सिटीची यंत्रणा कॅमेऱ्यावर चालते, त्यामुळं मुसळधार पावसात किंवा धुक्यात ती बंद पडल्याचा संदेश दिसू शकतो. आपल्याकडं दुचाकी कडेनं घुसते तेव्हा ही यंत्रणा अचानक ब्रेक मारते आणि मागचा रिक्षावाला तयार नसतो. हायवेवर ती हवीच, गर्दीत तिची संवेदनशीलता कमी करून ठेवावी. एवढं सगळं घेऊन मागच्या तिघांनी पट्टे लावले नाहीत तर तारे कागदावर राहतात.

पैशाचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा कर उपकरासह ४५ टक्के होता तो ४० झाला. चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्यांचा मात्र २९ वरून १८ वर आला. त्यामुळं डिझायर-अमेझसारख्या आखूड सेडान आणि या गाड्यांमधली दरी वाढली. घरात चारच माणसं असतील, मागं बसणारी मुलंच असतील, तर हा जास्तीचा खर्च कशासाठी हे स्वतःला विचारावं. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात एक्स-शोरूम किमतीवर १२ टक्के रोड टॅक्स, दहाच्या आत ११, विसाच्या वर १३. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. १४ लाखांच्या गाडीला १,६८,००० इथंच गेले. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रीवेळीच घेतला जाणारा आयकर) कापतात, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, बरेच लोक विसरतात. तीन वर्षांच्या थर्ड पार्टी विम्याचा दर २०२२ च्या तक्त्याप्रमाणे १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि १००० सीसीच्या आत ६,५२१ रुपये, वर जीएसटी. स्लाव्हियाचं १.० लिटर इंजिन ९९९ सीसीचं असल्यानं ते खालच्या पायरीत बसतं. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. कुठूनही घ्या, पण मुंबई-ठाण्यात राहत असाल तर इंजिन संरक्षणाचा जोड घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साधी पॉलिसी हे नुकसान भरत नाही. ‘हँडलिंग चार्ज’ नावाची ओळ कोटेशनवर दिसली तर ती खोडायला सांगा.

प्रकार निवडताना एका गाडीचा सर्वांत वरचा आणि दुसरीचा मधला असा तिरपा ताळा करू नका. मी सहा एअरबॅग, मागचे एसी व्हेंट, मागचा कॅमेरा आणि उंची बदलणारी चालकाची सीट एवढ्यावर रेघ ओढेन. त्यावर पैसे उरले तर हवेशीर सीट, म्हणजे आत पंखा असलेल्या. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये त्यांचं मोल कळतं, आणि सिटीत त्या मिळत नाहीत. सनरूफ सर्वांत शेवटी.

पैसे पूर्ण भरण्याआधी यार्डात जाऊन गाडी बघा. चासी नंबरवरून बनावटीचा महिना आणि वर्ष विचारा. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर आणि स्टेपनी यांच्या शिक्क्यांत फार अंतर नसावं. काचांवरचं वर्ष एकसारखं हवं. दारांच्या फटी, बोनेटच्या आतले नटबोल्ट, त्यांच्यावर पान्याच्या खुणा आहेत का, हे उन्हात बघायचं, तळघरात नको. मग हवा. कारखान्यातून गाड्या ट्रेलरवर चढवताना टायर जास्त फुगवतात आणि डिलिव्हरीच्या गडबडीत ती हवा तशीच राहते. त्यामुळं नवी गाडी पहिल्या दिवशी विनाकारण कडक वाटते. चालकाच्या दाराच्या खांबावर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात दोन रकाने असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी एक. रोजच्या वापराला पहिला. गावी निघायच्या सकाळी, टायर थंड असताना, दुसरा.